लिंबाच्या पानावरची नागअळी, मूळची आपल्याकडचीच

मृगाचा एखादा बरा पाऊस झाला की सोलापुरात अंगणातल्या कागदी लिंबाला पोपटी फूट येते, आणि आठ-दहा दिवसांत त्याच पानांवर चांदीसारख्या वेड्यावाकड्या रेघा, पानं मुरडलेली. गोगलगाय फिरून गेल्यासारखं वाटतं पण गोगलगायीचा काही संबंध नाही, रेघ पानाच्या वर नसतेच, आत असते. पान उजेडाला धरून बघा, रेघेच्या मधोमध बारीक काळसर दोरा दिसेल, ती अळीची विष्ठा. आणि रेघ जिथं संपते तिथं जेमतेम ३ मिमीची पिवळट हिरवी अळी.

यालाच आपल्याकडं नागअळी म्हणतात. टोमॅटोच्या पानावरच्या नागमोडी रेघांनाही हेच नाव, पण ती बहुतेक वेळा माशीची अळी असते. लिंबावरची मात्र पतंगाची. पंख पसरले तरी सगळा मिळून ४ मिमीच्या आसपास, पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला उडणार, त्यामुळं पतंग बघितलाय असा माणूस मला तरी अजून भेटला नाही 😄

१८५६ साली स्टेन्टन नावाच्या इंग्रज अभ्यासकानं कलकत्त्याहून आलेल्या नमुन्यांवरून याचं वर्णन छापलं, नाव फिलोक्निस्टिस सिट्रेला. म्हणजे किडा आपल्याच भागातला, आशियातला. १९९३ ला तो फ्लोरिडात सापडला, त्याच वर्षी स्पेनमध्ये, १९९६ ला ब्राझीलमध्ये. फ्लोरिडावाल्यांनी मग अळीत अंडी घालणारी बारकी गांधीलमाशी ऑस्ट्रेलियातून आणून सोडली.

मादी कोवळ्या पानावर एकेक अंडं घालते, अळी फुटली की थेट पानाच्या सालीखाली शिरते आणि रस पीत पुढं सरकते, शेवटच्या अवस्थेत खाणं बंद, फक्त रेशीम काढून पानाची कड दुमडायची अन् आत कोष करायचा. हे सगळं चक्र गरमीत दोन आठवड्यांत उरकतं, थंडीत सात आठवडेसुद्धा लागतात. जून पानाची साल जाड, तिथं हिची डाळ शिजत नाही.

मोठ्या झाडाला यानं फार काही होत नाही, लोक उगाच घाबरून फवारे मारतात आणि अळी सालीखाली असल्यानं वरवरचं औषध तिला लागतही नाही. रोपवाटिकेतल्या बारक्या रोपांचं मात्र वेगळं, तिथं सगळी पानंच कोवळी असतात. शिवाय साल फाटलेल्या जागेतून खैऱ्याचे (लिंबावर खरबरीत डाग पाडणारा रोग) जिवाणू आत घुसतात, ब्राझीलमध्ये ही अळी पोचल्यावर खैऱ्या वाढला तो यामुळंच.