व्हॅक्यूम आणि व्हॅक्यूम फुल: हंगामात कोणता, बंदमध्ये कोणता

दसऱ्याला काटापावती झटक्यात निघते अन् संक्रांतीपर्यंत तोच सर्व्हर रांगायला लागतो, जिनिंगमधल्या पोरांची ही नेहमीची तक्रार, आणि त्यावर सल्लाही ठरलेला, "व्हॅक्यूम फुल मार ना भाऊ, साध्यानं काय होते". व्हॅक्यूम ही पोस्टग्रेस या डेटाबेसची सफाईची कमांड, अन् हा सल्ला मला खरंच धोक्याचा वाटतो. फुल म्हणजे साध्याचाच जोरदार प्रकार नाही, ते कामच वेगळं आहे.

आधी सर्व्हर हळू का होतो ते बघा. पोस्टग्रेसमध्ये अपडेट मारलं, म्हणजे नोंद बदलली, की जुनी रो (टेबलातली एक नोंद) जागेवरच राहते अन् नवी वेगळी लिहिली जाते, कारण त्या क्षणी दुसरं कोणी जुनी वाचत असू शकतं. आता एक कापसाची गाडी घ्या. भरलेलं वजन टाकलं, एक रो झाली. मग ग्रेड पाहून भाव टाकला, गाडी रिकामी होऊन परत काट्यावर आली तेव्हा रिकामं वजन, मग निव्वळ वजनावर हिशोब, मग पेमेंट झालं म्हणून स्टेटस. चार अपडेट, म्हणजे एका गाडीमागं चार मेलेल्या, आता कामाच्या नसलेल्या जुन्या रो. मोजायला गेलं तं गाड्या तेवढ्याच, पण फाईल फुगलेली, अन् अख्खं टेबल वाचणारी क्वेरी ती सगळी फाईल चाळत बसते. स्टेटसवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) असेल तं तोही फुगतो.

साधा व्हॅक्यूम मेलेल्या रोंची जागा मोकळी म्हणून नोंदवतो, पुढच्या नोंदी तिथंच बसतात. फाईल सहसा लहान होत नाही, शेवटची पानं पूर्ण रिकामी असली तं तेवढीच कापली जातात. लोक डिस्क बघतात, जीबी तेवढेच, म्हणतात काही झालंच नाही. झालंय भाऊ, फाईल वाढायची थांबली, तेच त्याचं काम. आणि हे होताना काटा चालूच राहतो.

फुल मात्र अख्खं टेबल नव्या फाईलीत लिहितो, इंडेक्स नव्यानं बनवतो, मग जुनी फाईल टाकतो. डिस्क परत मिळते हे खरं. पण तोवर त्या टेबलावर असं लॉक असतं की साधं सिलेक्ट, म्हणजे नुसतं वाचणंसुद्धा थांबतं, आणि तेवढा वेळ जुनी-नवी दोन्ही फाईली डिस्कवर लागतात, म्हणजे डिस्क भरली म्हणून फुल चालवायला गेलात तं तिथंच अडकाल. बाहेर ट्रॅक्टरांची लाईन अन् आत पावती निघेना, रात्रीपासून गाडीवर बसलेल्या शेतकऱ्याला काय सांगणार?

खरी गोम पुढं आहे. हिशोबाच्या कॉम्प्युटरवर एखादी नोंद बदलली, कमिट (बदल पक्का करणं) झालंच नाही, अन् माणूस जेवायला गेला. त्यानंतर मेलेल्या रो साधा व्हॅक्यूमही काढू शकत नाही अन् फुलही नाही, फुल त्या उचलून नव्या फाईलीत नेतो! ती नोंद त्याच टेबलातली असेल तं फुल लॉकसाठी थांबतो अन् मागून येणारे सगळे त्याच्यामागं. म्हणून आधी पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये (चालू सेशनची यादी) 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे काम अर्धवट उघडं ठेवून बसलेलं कोण आहे अन् कधीपासून ते बघा. पोस्टग्रेस ९.६ पासून अशा सेशनला टाइमआउट लावता येतो, तो लावाच.

मग पीजी_स्टॅट_यूझर_टेबल्समध्ये मेलेल्या रो किती अन् ऑटोव्हॅक्यूम (आपोआप चालणारा साधा व्हॅक्यूम) शेवटचा कधी चालला ते पाहा. डिफॉल्ट सेटिंग ५० रो अधिक टेबलाच्या २० टक्के, म्हणजे १ लाख रोंच्या टेबलात साधारण २०,०५० मेल्याशिवाय तो हात लावत नाही. काट्याच्या टेबलापुरतं स्केल फॅक्टर, म्हणजे तो २० टक्क्यांचा आकडा, ०.०२ (२ टक्के) करा, २,०५० वरच जागा होईल. ऑटोव्हॅक्यूमनं सर्व्हर हळू होतो म्हणून तो बंद करणारे भेटतात, त्यांना हात जोडून सांगतो, असं करू नका.

फुलची वेळ पावसाळ्यातली, जिनिंग बंद असताना, जुन्या हंगामांच्या नोंदी वेगळीकडं हलवून डिलीट केल्यावर. आधी बॅकअप, मग मोकळी डिस्क तपासा, अन् फुल झाल्यावर त्या टेबलावर एकदा साधा व्हॅक्यूम अ‍ॅनालाइझसकट (टेबलाची आकडेवारी ताजी करणारं) चालवा.