मेंदूज्वर: आकडा वॉर्डातला, धोका शिवारातला

जपानी मेंदूज्वर भारतात पहिल्यांदा ओळखला गेला तो 1955 मध्ये, वेल्लोरला. पुण्याची आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. 1973 मध्ये पश्चिम बंगालच्या बांकुरा आणि बर्दवानमध्ये मोठी साथ आली, 1978 मध्ये पूर्व उत्तर प्रदेशात. 2005 च्या पावसाळ्यात गोरखपूरच्या परिसरात तेराशेहून अधिक बळी गेले, बहुतेक मुलंच, आणि मग कुठे देश हलला.

डासांमार्फत पसरणाऱ्या या विषाणूच्या आजाराचं मूळ शिवारात आहे. भातखाचरात पाणी साचलं की क्युलेक्स डासाची मादी त्यावर अंड्यांचा तराफा सोडते. एकेका तराफ्यात शंभर-दोनशे अंडी. अळ्या डोकं खाली करून, शेपटाकडची श्वासनळी पाण्याच्या पृष्ठभागाला लावून तिरक्या लोंबकळतात; खाचराच्या कडेला वाकून पाहिलं तर दिसतात. विषाणू वाढतो बगळ्यांत आणि डुकरांत. माणसाच्या रक्तात तो इतका कमी असतो की माणसाला चावून डासाला त्याची लागण होत नाही. म्हणून गावात रुग्ण नाही याचा अर्थ विषाणू नाही असा मुळीच नव्हे. लागण झालेल्या सुमारे अडीचशे जणांत एखाद्यालाच गंभीर आजार होतो. पण झाला, तर तीनातला एक दगावू शकतो आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना झटके, लुळेपणा, वाचा जाणं आयुष्यभर पुरतं. नुसते रुग्ण मोजून धोका ठरवणं मला म्हणूनच फार अपुरं वाटतं.

चीनमध्ये विकसित झालेली लस 2006 पासून मोहिमा काढून दिली गेली. पुढे कोलारच्या रुग्णाकडून मिळालेल्या आणि पुण्याच्या संस्थेने जपलेल्या विषाणूपासून देशी लसही झाली. जपानी मेंदूज्वर घटला, तरी गोरखपूरच्या रुग्णालयांतले वॉर्ड तशाच आजारी मुलांनी भरलेलेच राहिले.

त्याचं उत्तर सापडायला फार वर्षं गेली. त्यातल्या बऱ्याच मुलांना स्क्रब टायफस होता. हा जिवाणूचा आजार. तो पसरतो गवता-झुडपांतल्या चिगर नावाच्या बारीक अळ्या चावल्याने. डासाचा त्यात संबंधच नाही. चावल्या जागी कधी काळसर खपली दिसते, कधी दिसतही नाही. डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन ही साधी, स्वस्त औषधं त्यावर चालतात, मात्र ती वेळेत पोटात जायला हवीत. म्हणून पुढे तिथे मूल बेशुद्ध पडण्याची वाट न पाहता, ताप अंगावर असतानाच गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती सुरू करण्यावर भर आला.