पदव्युत्तर

पदव्युत्तर (विशेषण) : पदवीनंतरचे. विद्यापीठाची पहिली पदवी घेतल्यावर त्याच किंवा वेगळ्या विषयात पुढे जे शिक्षण घेतले जाते, त्यासाठी मराठीत रूढ असलेला शब्द. एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी., वैद्यकातील एम.डी. आणि एम.एस. हे सारे पदव्युत्तर अभ्यासक्रम.

‘पदवी’ आणि ‘उत्तर’ यांचा हा संधी आहे. ई पुढे उ आला की ई चा य् होतो. ‘प्रति’ आणि ‘उत्तर’ मिळून ‘प्रत्युत्तर’ होते, तसेच हे. मात्र ‘प्रत्युत्तर’मधले उत्तर म्हणजे जबाब, आणि इथले उत्तर म्हणजे ‘नंतरचे’, स्वातंत्र्योत्तर आणि मरणोत्तर या शब्दांतले. ‘पदवीत्तर’ आणि ‘पदव्यूत्तर’ ही दोन्ही रूपे चुकीची. ‘उत्तर’चा उ मुळातच ऱ्हस्व आहे, त्यामुळे व्यु ऱ्हस्वच हवा. प्रवेशाच्या जाहिरातीत आणि गुणपत्रिकेवर तरी हा शब्द शुद्ध छापला जावा.

नागपुरात या शब्दाला हिंदी शेजार आहे. १९५६ पर्यंत हे शहर हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी होते, आणि आजही दोन्ही भाषांची वर्तमानपत्रे इथल्या घराघरांत येतात. हिंदीत ‘स्नातकोत्तर’ म्हणतात. स्नातक म्हणजे अध्ययन संपवून समावर्तनाचे स्नान केलेला विद्यार्थी. हिंदीने माणसापासून मोजले, मराठीने त्याने मिळवलेल्या पदवीपासून. म्हणूनच विधान परिषदेच्या निवडणुकीत मराठी बातमीत ‘पदवीधर मतदारसंघ’ असतो आणि हिंदी बातमीत ‘स्नातक निर्वाचन क्षेत्र’. मराठी मजकुरात ‘स्नातकोत्तर’ घुसते ते बहुधा हिंदी परिपत्रकावरून घाईत केलेल्या भाषांतरामुळे. घरचा नेमका शब्द असताना त्याची गरज नाही.

१९२३ साली स्थापन झालेल्या आणि २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव धारण करणाऱ्या नागपूर विद्यापीठात हा शब्द विभागांच्या नावातच आहे : पदव्युत्तर मराठी विभाग, पदव्युत्तर इतिहास विभाग. अमरावती रोडवरच्या या परिसराला विद्यार्थी नुसते ‘कॅम्पस’ म्हणतात आणि विभागांना ‘पीजीटीडी’ (पोस्ट ग्रॅज्युएट टीचिंग डिपार्टमेंट). बोलताना पूर्ण शब्द क्वचितच येतो. ‘काय करून राहिला सध्या?’ या प्रश्नाला ‘पीजी करून राहिलो’ किंवा थेट ‘एम.ए. करून राहिलो’ असे उत्तर मिळते. मेडिकलच्या मुलांत ‘पीजीला नंबर लागला’ म्हणजे एम.डी. किंवा एम.एस.ला प्रवेश मिळाला. ‘पीजी पाहून राहिलो’ म्हणणारा मात्र बहुतेक वेळा राहायला खोली शोधत असतो, त्याचे पीजी म्हणजे ‘पेइंग गेस्ट’.

हे विशेषण शिक्षण, अभ्यासक्रम, विभाग, विद्यार्थी अशा नामांना लागते. ‘तो पदव्युत्तर आहे’ असे मराठीत म्हणत नाहीत. ‘त्याचे पदव्युत्तर शिक्षण झाले आहे’ म्हणतात. ‘पदव्युत्तर पदवी’ हा प्रयोग कानाला द्विरुक्तीसारखा वाटतो, पण तो बरोबर आहे, कारण पहिल्या पदवीनंतर पदविकाही घेता येते आणि त्या ‘पदव्युत्तर पदविके’हून ही पदवी वेगळी ओळखावी लागते. प्रमाणपत्रांच्या भाषेत एम.ए.साठी ‘कला निष्णात’ आणि पीएच.डी.साठी ‘विद्यावाचस्पती’ हे भारदस्त शब्द आढळतात, बोलण्यात ते येत नाहीत. पीएच.डी. पदवीनंतरचीच असली तरी आपल्याकडे ‘पदव्युत्तर’ म्हटले की प्रामुख्याने एम.ए.च्या पातळीचे शिक्षण डोळ्यांसमोर येते, पीएच.डी.ला वेगळे ‘संशोधन’ म्हणतात.

अमेरिकेविषयीचा मजकूर मराठीत आणताना एक चूक वारंवार होते. तिथे ‘ग्रॅज्युएट स्टुडंट’ म्हणजे पहिली पदवी घेऊन पुढे शिकणारा. त्याचे ‘पदवीधर विद्यार्थी’ असे भाषांतर केले की वाचणाऱ्याला त्याचे शिक्षण संपले असे वाटते. तिथे ‘पदव्युत्तर विद्यार्थी’ हेच लिहायला हवे, आणि ‘अंडरग्रॅज्युएट’साठी ‘पदवीपूर्व’ किंवा साधे ‘पदवीचा विद्यार्थी’.