जाहिरातीचं बिल परदेशातून येतं? मग एवढं बघून ठेवा

"साहेब, तो सहा टक्केवाला टॅक्स गेला ना?" हल्ली रोज कुणीतरी विचारतं. गेला, परदेशी कंपनीला दिलेल्या ऑनलाइन जाहिरातीच्या पैशावरचा तो टॅक्स १ एप्रिल २०२५ पासून बंद झाला. पण त्याच बिलावरचा जीएसटी आहे तिथंच आहे, आणि घोळ तिथंच होतो.

आधी सहा टक्क्यांबद्दल. इन्कम टॅक्स खातं परदेशी कंपनीचं इथलं ऑफिस, गोदाम, माणसं शोधायचं. त्यावर कर बसायचा. सांगलीच्या हळदवाल्याची जाहिरात साताऱ्यातल्या मोबाइलवर दाखवायला यातलं काहीच लागत नाही. परदेशाशी केलेले करकरार आड येत, म्हणून सरकारनं जून २०१६ पासून इन्कम टॅक्सच्या कायद्याबाहेर इक्वलायझेशन लेव्ही आणली. कंपनी हाती लागत नाही, म्हणून वसुली आपल्यामार्फत. एका कंपनीला वर्षात लाखाच्या वर दिले, की ६ टक्के आपण कापून भरायचे. कापणार कुठून? कार्डातून पूर्ण रक्कम आधीच गेलेली. पुष्कळांनी पदरचे भरले. आम्हाला हा कर कधीच पटला नाही. तरी मार्च २०२५ पर्यंतची थकबाकी माफ झालेली नाही. दरमहा १ टक्का व्याज चालू आहे.

आता जीएसटी. बिलावर कंपनीचा पत्ता सिंगापूर किंवा आयर्लंडचा असेल, तर रिव्हर्स चार्ज लागतो, म्हणजे जीएसटी विकणाऱ्यानं नाही, घेणाऱ्यानं सरकारला भरायचा. महिन्याला ४०,००० ची जाहिरात असेल, तर १८ टक्क्यांनी ७,२०० रुपये तुम्ही रोखीनं भरायचे, क्रेडिटमधून (खरेदीवर आधी भरलेला जीएसटी, जो आपल्या जीएसटीतून वजा होतो) वळते करता येत नाहीत. भरल्यावर त्याचं क्रेडिट मिळतं. कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दरानं जीएसटी भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांना, तेही नाही. बिल त्याच कंपनीच्या भारतातल्या शाखेचं असेल, तर नेहमीसारखा जीएसटी लावून येतं. ब्रँड तोच असतो, म्हणून नावावर जाऊ नका, पत्ता वाचा.

जाहिरातीच्या खात्यात तुमचा जीएसटी नंबर घातलाय का, हेही बघा. नसेल तर परदेशी कंपनी तुम्हाला साधं गिऱ्हाईक धरून १८ टक्के लावते आणि त्याचं क्रेडिट बुडतं.

ऑनलाइन बाजारात माल विकणाऱ्यांचे पैसे ०.१ टक्का टीडीएस (इन्कम टॅक्सची कपात) आणि ०.५ टक्का जीएसटीचा टीसीएस (बाजार चालवणारी कंपनी कापते तो जीएसटी) कापून येतात. दोन्ही तुमचेच आहेत, मागून घ्या.

जाहिरातीच्या बिलांच्या पीडीएफ दर महिन्याच्या १० तारखेच्या आत आमच्याकडे पाठवा. बँकेचं स्टेटमेंट चालणार नाही. बिल कुठल्या देशातून निघालं, ते त्यात कळत नाही.