खोबरेल, फेणी आणि हेक्झेन

डिसेंबर-जानेवारीत आमच्या फोंड्याकडच्या घरांत न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली सकाळी थिजलेली असते. कोणी ती उन्हात ठेवतो, कोणी गरम पाण्याच्या तांब्यात. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सियसला वितळते आणि गोव्यातली थंडीची पहाट २० अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा हे व्हायचेच. पण त्या बाटलीत हेक्झेनसारखे (पेट्रोलियमपासून मिळणारे) पातळ द्रावक भरपूर मिसळलेले असते, तर तेल थिजले नसते. द्रावकाचे लहान रेणू मध्ये शिरले की तेलाच्या रेणूंना एकमेकांना चिकटून घट्ट रचना करणे जड जाते, आणि गोठणबिंदू खाली सरकतो.

तेलात काय मिसळते आणि काय नाही, हे समजायला फेणी फार चांगली. सूर, म्हणजे माडाचा आंबलेला रस, उकळून गाळलेली माडाची फेणी आणि माडाच्याच नारळाचे खोबरेल, म्हणजे एकाच झाडाची दोन लेकरे. तरी ती एकमेकांत मिसळत नाहीत. फेणीत अल्कोहोल ४२ टक्क्यांच्या आसपास, बाकी जवळजवळ सगळे पाणी. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की तेलाच्या मोठ्या रेणूला ते आत घेत नाहीत. पाणी नसलेले अल्कोहोल गरम केले तर त्यात खोबरेल चांगले विरघळते, आणि थंड होताना द्रावण पुन्हा गढूळ होते. एरंडेल मात्र साध्या तापमानालाही अशा अल्कोहोलमध्ये विरघळते, कारण त्याच्या रेणूवर अल्कोहोलसारखाच हायड्रॉक्सिल गट असतो.

उन्हाळ्यात, तेल पातळ असताना, काचेच्या पेल्यात फेणी घेऊन त्यावर खोबरेलाचे थेंब सोडून पाहा. ते तरंगतात. शुद्ध अल्कोहोलमध्ये तेच थेंब तळाशी जातात. तेलाची घनता दर मिलिलिटरला सुमारे ०.९२ ग्रॅम, शुद्ध अल्कोहोलची ०.७९, फेणीची या दोन्हींहून जास्त. मग फेणीत शुद्ध अल्कोहोल थोडे थोडे घालत गेलो, तर एक क्षण असा येतो की थेंब ना वर जातो ना खाली. मधोमध गोल मण्यासारखा लटकून राहतो. बेल्जियमचे जोसेफ प्लॅटो यांनी १८४०च्या दशकात ऑलिव्ह तेलावर असेच प्रयोग केले होते. मला हा प्रयोग आजही मुलांना दाखवावासा वाटतो, कारण घनता हा शब्द तेवढ्यात डोळ्यांना दिसतो.

मिश्रणाची घनता मोजणे हे मात्र चिकाटीचे काम. प्रयोगशाळेत २५ मिलिलिटरची घनता-बाटली असते. तिच्या काचेच्या बुचाला केसाएवढे बारीक भोक असते. बाटली काठोकाठ भरून बूच बसवले की जास्तीचा द्रव भोकातून वर येतो, तो टिपून बाटली तोलायची. बाटली मुठीत धरली तर बोटांच्या उबेनेच भोकावर नवा थेंब उगवतो. तेल एका अंशाला सुमारे ०.०७ टक्का फुगते, म्हणजे २५ मिलिलिटरमागे थेंबाचा तिसरा हिस्सा. आणि जे शोधायचे असते ते तेवढेच बारीक असते. ५० मिलिलिटर पाणी आणि ५० मिलिलिटर अल्कोहोल मिळून १०० होत नाहीत, ९६-९७च्या आसपास भरतात. तेल आणि हेक्झेनमध्येही आकारमान बेरजेपेक्षा कमी भरते, पण अगदी किंचित. मोठ्या रेणूंमधल्या फटींत छोटे रेणू बसतात. ही तूट पकडायची तर बाटली ज्या पाण्याच्या टाकीत ठेवतात तिचे तापमान अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत स्थिर ठेवावे लागते.

ही मापे लागतात कुठे? पेंडीतले तेल काढताना, कारण तेव्हा तेल आणि हेक्झेन यांचेच मिश्रण हाती येते. घाण्यातून कितीही पिळले तरी पेंडीत ६ ते १० टक्के तेल उरतेच. मोठे कारखाने ती पेंड हेक्झेनने धुतात, आणि मागे जेमतेम एक टक्का तेल राहते. हेक्झेन घट्ट तेलाला पातळ करून पेंडीच्या कणाकणातून बाहेर काढते. (घरी याच्या वाटेला जाऊ नये. त्याची वाफ हवेच्या तिप्पट जड, जमिनीलगत पसरते आणि ठिणगीने पेटते.)

खरी कसोटी नंतर लागते. हेक्झेन ६९ अंशांना उकळते, मग तेलातून ते सहज उडून जायला हवे. सुरुवातीला जातेही. पण वाफेचा दाब वजनावर नाही, रेणूंच्या संख्येवर ठरतो, हे फ्रान्सच्या राउल्ट यांनी १८८०च्या दशकात दाखवले. खोबरेलाचा रेणू हेक्झेनच्या सातपट जड. म्हणून १०० ग्रॅम मिश्रणात १० ग्रॅम हेक्झेन असले तरी रेणू मोजले तर शंभरातले ४५ त्याचेच असतात. हेक्झेन एक ग्रॅमवर आले की शंभरात सात. एवढे थोडे रेणू साध्या दाबाला उकळवून काढायचे तर, ढोबळ हिशेबाने, तापमान १८० अंशांच्या पुढे न्यावे लागेल, आणि तेल करपेल. म्हणून शेवटच्या टप्प्यात हवा उपसून दाब कमी करतात आणि तेलातून पाण्याची वाफ सोडतात. ती वाफ हेक्झेनच्या उरलेल्या रेणूंना सोबत घेऊन वर जाते. पुढे थंड झाल्यावर पाणी खाली बसते, हेक्झेन वर तरंगते आणि पुन्हा पेंडीकडे परत जाते.