बूट होताना दिसणारी तीन नावं: फ्रीबीएसडी फाउंडेशनची पार्श्वभूमी

नारायण पेठेतल्या एका छापखान्याचं नेटवर्क मी सांभाळतो. तिथे जिन्याखाली एक जुना डेस्कटॉप फायरवॉल म्हणून, म्हणजे नेटवर्कचा पहारेकरी म्हणून, चालतो. तपकीर गल्लीतून दुसरं नेटवर्क कार्ड आणून बसवलं, फ्रीबीएसडी ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, आणि तेव्हापासून तो निमूट काम करतोय. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि यूपीएसनं मान टाकली, की वीज परतल्यावर त्याच्या काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरकू लागतात. सुरुवातीलाच तीन नावं येतात. फ्रीबीएसडी प्रोजेक्ट. मग 1979 पासून 1994 पर्यंतच्या सालांची माळ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रीजेंट्स, म्हणजे विद्यापीठाचं नियामक मंडळ. आणि तिसरी ओळ सांगते, की ‘फ्रीबीएसडी’ हा फ्रीबीएसडी फाउंडेशनचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे.

छापखान्यात नव्यानं लागलेल्या पोरानं परवा विचारलं, “दादा, हे फुकट आहे ना? मग एवढे मालक कसे?” प्रश्न रास्त होता. तिथे उभ्या उभ्या जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. बाकीचं इथे लिहितो.

सालांच्या त्या माळेची सुरुवात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीत आहे. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम मूळची एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेची. विद्यापीठानं ती परवान्यावर घेतली, आणि तिथल्या बिल जॉय वगैरे मंडळींनी 1970च्या दशकाच्या अखेरीपासून तीत इतकी भर घातली, की बीएसडी (बर्कली सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन) ही स्वतंत्र शाखाच झाली. 1991 साली विद्यापीठानं एटी अँड टीचा कोड वगळून उरलेला भाग ‘नेट/2’ या नावानं खुला केला. विल्यम आणि लिन जोलिट्झ या दांपत्यानं त्यातल्या उणिवा भरून काढत तो इंटेलच्या 386 प्रोसेसरच्या साध्या संगणकावर चालवला. त्यांच्या कामात दुरुस्त्या करणाऱ्या स्वयंसेवकांतूनच 1993 मध्ये फ्रीबीएसडी उभं राहिलं.

तोवर कज्जा सुरू झाला होता. एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीनं कोडच्या मालकीवरून 1992 साली दावा लावला. आधी बीएसडी विकणाऱ्या एका कंपनीवर, मग विद्यापीठावरही. 1994च्या सुरुवातीला तडजोड झाली, तेव्हा सुमारे 18,000 फायलींपैकी फक्त तीन काढाव्या लागल्या. तीन फायलींसाठी दोन वर्षं! पण फ्रीबीएसडीला त्याची किंमत मोजावी लागली. नेट/2 वरचा कोड सोडून तडजोडीनंतरच्या ‘4.4 बीएसडी-लाइट’ या विद्यापीठाच्या आवृत्तीवर सगळं नव्यानं रचावं लागलं, आणि 1994च्या नोव्हेंबरात आवृत्ती 2.0 आली.

मला या इतिहासातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की त्या काळात फ्रीबीएसडीच्या स्वयंसेवकांकडे स्वतःची अशी संस्थाच नव्हती. कोर्टात उभी राहणारी नाही, करारावर सही करणारी नाही. आधार होता तो वॉलनट क्रीक सीडीरॉम या कॅलिफोर्नियातल्या कंपनीचा. ती सीडी छापून विकायची आणि प्रकल्पाला यंत्र नि वेगवान इंटरनेट पुरवायची. 2000 साली ही कंपनी दुसरीत विलीन झाली आणि पुढच्याच वर्षी सॉफ्टवेअरचा धंदा तिसरीच्या हाती गेला. एकाच आश्रयदात्यावर विसंबलेल्या कामाचं असं होतं.

त्याच 2000 साली जस्टिन गिब्स यांनी कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये फ्रीबीएसडी फाउंडेशन स्थापन केलं. पुणेकरांना हा क्रम ओळखीचा वाटेल. न्यू इंग्लिश स्कूल 1880चं, डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884ची आणि फर्ग्युसन 1885चं. आधी काम, मग त्याला धरून ठेवणारी संस्था.

फाउंडेशन कोडचं मालक नाही, आणि कोणतं फीचर घ्यायचं हेही ते ठरवत नाही. तो मान कोड लिहिणाऱ्यांनी निवडून दिलेल्या नऊ जणांच्या कोअर टीमचा. फाउंडेशनकडे उरतात ती स्वयंसेवकाला एकट्यानं न पेलणारी कामं. सन कंपनीचं जावा (प्रोग्रॅम लिहायची नि चालवायची प्रणाली) अधिकृतपणे वाटायचं तर परवान्यावर सही कोण करणार? सुरुवातीच्या वर्षांत ती फाउंडेशननं केली. सर्व्हर विकत घेणं, ट्रेडमार्क जपणं, डेव्हलपरांना परिषदांना येण्यासाठी प्रवासखर्च देणं, हे सगळं तिथून होतं. आणि पगारी डेव्हलपर. हौशी माणूस आवडीचं काम रात्र जागून करतो, पण वाय-फायचे ड्रायव्हर (यंत्राचा भाग चालवणारे प्रोग्रॅम), 64 बिट एआरएमसारखी नवी प्रोसेसर-घराणी, ही वर्षानुवर्षं चालणारी किचकट कामं पगाराशिवाय रेटत नाहीत. फाउंडेशनच्या पैशातून अशी बरीच कामं तडीस गेली; 2021च्या 13.0 आवृत्तीपासून 64 बिट एआरएमला पहिल्या श्रेणीचा, म्हणजे पूर्ण पाठबळाचा, दर्जा मिळाला.

पैशाची बाजू थोडी खोलात सांगायला हवी, कारण गैरसमज तिथेच जास्त. आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला न्यास असतो, तशी ही अमेरिकी करकायद्याखालची सार्वजनिक संस्था आहे. ‘सार्वजनिक’ ठरायची तिथली सर्वसाधारण कसोटी अशी, की किमान एक तृतीयांश आधार जनतेकडून यावा. आणि पाच वर्षांच्या जमेच्या 2 टक्क्यांपलीकडे एकाच खाजगी देणगीदारानं दिलेलं या जनतेच्या वाट्यात सहसा धरत नाहीत. व्हॉट्सॲपचे जॅन कूम यांनी 2014 मध्ये 10 लाख डॉलर दिले. हातात फार पैसे नसतानाच्या दिवसांत ते फ्रीबीएसडी शिकले, त्याच बळावर त्यांना याहूत नोकरी लागली, आणि व्हॉट्सॲपचे सर्व्हरही त्यावरच चालले. एवढी देणगी आली, की छोट्या देणगीदारांची संख्याही वाढावी लागते. म्हणून गणपतीच्या वर्गणीएवढी रक्कमसुद्धा त्या हिशेबात वजनदार ठरते.

बीएसडीचा परवाना कमालीचा उदार आहे. घ्या, बदला, बंद डब्यात घालून विका. मूळ लेखकांची नावं तेवढी राखा. सोनीच्या प्लेस्टेशन 4 या गेम-यंत्राची प्रणाली फ्रीबीएसडीतूनच झाली. घेणाऱ्यावर परतफेडीची सक्ती नाही. नेटफ्लिक्स आपले व्हिडिओ फ्रीबीएसडीच्या सर्व्हरवरून पाठवते आणि सुधारणा परतही देते, पण ते तिच्या मर्जीनं. सक्ती नसलेल्या व्यवस्थेत वर्गणी गोळा करणारं कुणीतरी लागतंच, आणि ते काम नेकीनं करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. 2024 मध्ये जर्मनीच्या सॉव्हरिन टेक फंडानं 6,86,400 युरो मंजूर केले. सरकारी पैसा रस्त्यांसारखा अशा पायाभूत कोडवरही खर्च व्हावा, हे मला फार पटतं.

अलीकडे फाउंडेशननं लॅपटॉपचं काम हाती घेतलंय: वाय-फाय, झाकण मिटल्यावर यंत्र नीट झोपणं, आवाज. छापखान्यातल्या पोराकडे एक जुना लॅपटॉप आहे. येत्या गुरुवारी वीज जायच्या आत त्यावर फ्रीबीएसडी टाकून बघायचं ठरलंय. पेन ड्राइव्ह त्यानं आजच तयार करून ठेवला.