'प्रमाणाबाहेर' म्हणजे नेमकं कशाच्या तुलनेत?

अमेरिकेत पर्यावरण न्यायाची, म्हणजे प्रदूषणाचा भार गरीब आणि अल्पसंख्याक वस्त्यांवरच पडू नये या मागणीची, गोष्ट बहुतेक जण १९८२ पासून सांगतात, नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉरेन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) पीसीबी या विषारी रसायनाने दूषित माती पुरायला विरोध झाला, ५०० च्या वर लोकांना अटक झाली. पण ईआयएसच्या, म्हणजे प्रकल्पाआधी त्याचे पर्यावरणावरचे परिणाम मांडणाऱ्या सरकारी अहवालाच्या, कागदात हा विषय शिरला तो ११ फेब्रुवारी १९९४ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने, आणि खरा गुंता तिथूनच सुरू होतो.

त्या आदेशात शब्द होते 'डिसप्रपोर्शनेटली हाय अँड अ‍ॅडव्हर्स', म्हणजे वांशिक अल्पसंख्याक किंवा गरीब वस्तीवर प्रमाणाबाहेर जास्त आणि वाईट परिणाम होतोय का ते बघा. पण कशाच्या प्रमाणाबाहेर? १९९७ च्या मार्गदर्शक सूचनांत एवढंच आलं की वस्तीत अल्पसंख्याक ५० टक्क्यांच्या वर असतील किंवा तुलनेच्या भागापेक्षा 'लक्षणीय जास्त' असतील तर दखल घ्या. आता समजा वस्तीत ४५ टक्के आहेत, काउंटीत ४२ आणि राज्यात २०, तर काउंटीशी तुलना केली की फरकच दिसत नाही आणि राज्याशी केली की दुपटीहून जास्त दिसतो, आणि हा तुलनेचा भाग ठरवणार कोण तर प्रकल्प पुढे नेणारं खातंच! माझ्या मते वर्षानुवर्षं 'विशेष परिणाम नाही' असं एका परिच्छेदात उरकता आलं ते याच फटीमुळे. शिवाय त्या वस्तीत आधीपासून कारखाना आहे, हायवे आहे, हा साठत आलेला भार बऱ्याचदा हिशोबात यायचाच नाही.

कोर्टाचा रस्ताही अरुंद, कारण या आदेशातून कुणालाही दाद मागायचा हक्क मिळत नाही असं आदेशातच लिहिलेलं. तरी खात्याने ते विश्लेषण स्वतःच्या ईआयएसमध्ये घातलं असेल तर ते मनमानी आहे का हे कोर्टांनी काही वेळा तपासलंय.

२०२३ च्या नव्या आदेशाने 'हाय' हा शब्द काढला, साठत जाणारा परिणामही धरला. जानेवारी २०२५ मध्ये दोन्ही आदेश रद्द झाले.

राज्यांचं मात्र वेगळं चाललंय. न्यू जर्सीने २०२० मध्ये सरळ कायदाच केला आणि पुढे त्याच्या नियमांत तुलनेचा प्रश्नही सोडवला: वस्तीवरच्या भाराची तुलना करताना काउंटी आणि राज्य यातला जो आकडा कमी तो घ्यायचा, आणि तोसुद्धा आधीच भार सोसणाऱ्या वस्त्या वगळून काढलेला.